मुंबई बंदर रेल्वे

मुंबई बंदर रेल्वे : मुंबई बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर बॅलार्ड पिअरपासून वडाळ्यापर्यंत गेलेला, बंदराच्या स्वतःच्या मालकीचा मालवाहतूक लोहमार्ग. रुंदमापी. मार्गाची लांबी सु. ११ किमी.; यार्डे, सायडिंगे व गोद्यांतील फाटे धरून रुळांची एकूण लांबी सु. १३० किमी. अकरा किलोमीटरच्या मार्गाला इतके रूळ लागतात, यावरूनच या रेल्वेचे काम लक्षात येते. माल दूर पोचवण्याची जबाबदारी तिच्यावर कधीच नव्हती. आलेल्या वाघिणी (मालडबे) निवडणे, ज्याच्या त्याच्या गुदामाशी नेऊन लावणे व रिकाम्या झाल्या की परत करणे, एवढ्यासाठी ती बांधण्यात आली. मध्य व पश्चिम या दोन्ही रेल्वेमार्गांशी ती वडाळ्याजवळ रावळी जंक्शनच्या बाजूने जोडलेली आहे. रे रोड ते वडाळा या भागात हार्बर मार्गाच्या पूर्वेस तिचे रूळ दिसतात. रोज प्रवास करणाऱ्यांपैकी बरेच जण ते मध्य रेल्वेचेच समजतात.

इतिहास : मुंबई बंदर विश्वस्त मंडळाची (पोर्ट ट्रस्ट) स्थापना १८७३ मध्ये झाली. कर्नल जे. ए. बॅलार्ड हे पहिले अध्यक्ष. प्रिन्सेस गोदी १८८० मध्ये खुली झाली व त्यानंतर व्हिक्टोरिया गोदी बांधण्यात आली. जहाजे धक्क्याला लागू लागली, तरी रेल्वे मात्र धक्क्यापासून दूरच होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी.आय.पी.) कंपनीचा मालधक्का वाडीबंदरला होता, तर बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया (बी.बी.सी.आय.) कंपनीचा मार्ग पश्चिम किनाऱ्याने कुलाब्याला जात असे. गुजरातहून आलेला कापूस बोटीत चढवायचा, तर तो कुलाब्यास उतरवून बैलगाड्यांनी गोदीत न्यावा लागे. या खटाऱ्यांच्या रांगांचा त्रास शहराला होता आणि खर्च व्यापाऱ्यांना. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांपैकी एकीच्या हाती धक्का दिला असता, तर दुसरीचा माल मागे पडला असता. तेव्हा बंदरानेच आपले रूळ टाकावेत व दोन्ही कंपन्यांच्या वाघिणी सारख्याच नियमांनी घ्याव्यात, असा मार्ग निघाला. व्यवस्थेची ही अक्कल बंदराच्या कुठल्याही गोदीइतकीच महत्त्वाची आहे. गोद्यांना मात्र राजघराण्यातील नावे मिळाली.

रुळांसाठी जमीन समुद्रातून काढावी लागली. माझगाव-शिवडी भरणीने सु. ५८३ एकर जमीन मिळाली. तिच्यावर मालयार्डे, धान्याची व कापसाची गुदामे आणि पुढे कामगारवस्ती उभी राहिली. याच सुमारास अलेक्झांड्रा गोदीचे (आता इंदिरा गोदी) काम चालू होते. ही गोदी मार्च १९१४ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्या हस्ते खुली झाली. तिच्या खोदाईतून निघालेल्या मातीदगडाने बॅलार्ड इस्टेट भरून काढण्यात आली. बंदर रेल्वेवरची वाहतूक १९१५ मध्ये सुरू झाली. कुर्ला ते रे रोड हा हार्बर मार्ग १९१० मध्येच झाला होता. तो व्हिक्टोरिया टर्मिनसपर्यंत १९२५ मध्ये पोचला.

कापसाचा साठा व व्यवहार १९२० च्या दशकात कुलाब्याहून शिवडीच्या बाजूस हलवण्यात आला. ‘कॉटन ग्रीन’ हे नावही कापसाबरोबरच कुलाब्याहून इकडे आले. बी.बी.सी.आय.ने कुलाबा स्थानक १९३० च्या अखेरीस बंद केले. त्यानंतर त्या कंपनीच्या मालाला बंदर गाठण्यासाठी वडाळ्यामार्गे येण्यावाचून पर्याय राहिला नाही.

बॅलार्ड पिअर मोल स्थानक : या मालवाहू रेल्वेचे सर्वांत प्रसिद्ध स्थानक प्रवाशांचे होते. विलायतेहून टपाल घेऊन येणारी पी. अँड ओ. कंपनीची आगबोट बॅलार्ड पिअरला लागली, की साहेबलोक बोटीतून उतरून समोरच उभ्या असलेल्या गाडीत बसत. शहरात पाऊल टाकण्याचीही गरज पडत नसे. जी.आय.पी.ची इंपीरियल इंडियन मेल येथून हावड्यास जाई. बी.बी.सी.आय.ची पेशावरपर्यंत जाणारी फ्रंटिअर मेल १ सप्टेंबर १९२८ रोजी सुरू झाली. बोटींच्या हंगामात, म्हणजे सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांत, ती बॅलार्ड पिअरहून सुटे. दिल्ली, लाहोर गाठणाऱ्या या नामांकित गाडीचे पहिले काही मैल गुदामांच्या मागून, धान्याची पोती व कापसाचे गठ्ठे बाजूला ठेवत पार पडत. दोन्ही महायुद्धांत सैन्य व युद्धसाहित्य याच रुळांवरून गेले. बोटीची टपालसेवा ओसरल्यावर स्थानकाचे प्रयोजन संपले.

१९४४ चा स्फोट : ‘फोर्ट स्टिकीन’ हे ७,१४२ टनी जहाज बर्कनहेडहून कराचीमार्गे १२ एप्रिल १९४४ रोजी मुंबईस आले व व्हिक्टोरिया गोदीत लागले. पोटात सु. १,४०० टन स्फोटके, कराचीस भरलेले कापसाचे गठ्ठे व सोन्याच्या विटा. कापूस आणि दारूगोळा एका जहाजात भरणे शांततेच्या काळात कोणी मान्य केले नसते. १४ एप्रिल रोजी दुपारी आग लागली. अग्निशमन दलाचे जवान ती विझवत असतानाच ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आत दुसरा, त्याहून मोठा झाला. सिमल्याच्या भूकंपमापकावर स्फोटाची नोंद झाली. दलाचे ६६ जवान मृत्यू पावले. एकूण मृतांचे आकडे ८०० पासून १,३०० पर्यंत वेगवेगळे दिले जातात. धक्क्यावरची गुदामे, त्यांतील हजारो टन धान्य आणि जळता कापूस उडून जेथे जेथे पडला ती मांडवी-मस्जिद बंदर भागातील घरे खाक झाली. ‘जलपद्म’ या जहाजाचा मागचा भाग पाण्यातून उचलला जाऊन धक्क्यावर पडला. पाच लाख टनांच्या आसपास राडारोडा उपसावा लागला. गोद्या पूर्ववत होण्यास सात महिने लागले. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

कार्यपद्धती : मुख्य रेल्वेची मालगाडी वडाळ्याच्या यार्डात आली, की तिचे इंजिन सुटे होई आणि बंदराचे इंजिन जोडले जाई. वाघिणींचे क्रमांक, आतील माल व मोहरांची स्थिती तपासून ताबा घेतला जाई. वाघिणीची नासधूस झाली किंवा ती ठरल्या वेळेपेक्षा अधिक राहिली, तर कोणाकडून किती वसूल करायचे हे या नोंदीवर ठरे. यानंतर खरे काम. एका गाडीतील चाळीस वाघिणी चाळीस धन्यांच्या असत : काही इंदिरा गोदीतील शेडच्या, काही दाणाबंदरच्या, काही लाकूड, लोखंड वा मँगनीजच्या ठेप्यांच्या. इंजिन गाडी पुढे-मागे करी, सांधेवाला सांधे बदली, शंटर झेंडी वा कंदील दाखवी आणि वाघिणी एकेक करून आपापल्या रुळावर जात. सर्वांत आधी उतरवायची वाघीण रांगेच्या टोकाला हवी. ती मधे अडकली, तर पुढच्या सर्व काढून पुन्हा लावणे आले. बाष्पयुगात या कामी टाकी इंजिने वापरीत. पाणी इंजिनावरच असल्याने मागे टेंडर नसे आणि दोन्ही दिशांना सारखेच चालवता येई. पुढे डिझेल शंटिंग इंजिने आली. शहराचे रस्ते ओलांडताना गाडी माणसाच्या चालीने जाई, पुढे झेंडीवाला.

स्वातंत्र्यानंतर पी.एल. ४८० (अमेरिकेचा अन्नसाहाय्याचा कायदा) अन्वये आलेल्या अमेरिकन गव्हाचा मोठा भाग मुंबईत उतरला. साठच्या दशकात बंदर रेल्वेवर त्याचा ताण होता.

या रेल्वेची पडती बाजू मुख्य रेल्वेच्या धोरणातून आली, बंदराच्या चुकीतून नव्हे. सुट्या वाघिणींऐवजी एका मालाची, एका ठिकाणाहून एकाच ठिकाणी जाणारी अख्खी मालगाडी (रेक) घेण्याकडे भारतीय रेल्वे १९८० च्या दशकापासून वळली. निवडण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा निवड करणारी यार्डे रिकामी होऊ लागली. देशातील बहुतेक शंटिंग यार्डांचे हेच झाले. येथे ते अधिक खटकते, कारण दुसरे कामच नव्हते. शिवाय लांब रेक जुन्या छोट्या सायडिंगांत एकसंध मावत नाही. ती तोडून लावावी लागते, म्हणजे खर्च पुन्हा तोच. १९८९ मध्ये खाडीपलीकडे न्हावाशेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले व कंटेनरांची वाहतूक तिकडे गेली. धान्याचा घाऊक बाजार वाशीस व लोखंडाचा कळंबोलीस हलवण्यात आल्याने दाणाबंदर, दारूखान्याकडचे फाटेही थंडावले. प्रिन्सेस व व्हिक्टोरिया गोद्या कंटेनर यार्डासाठी बुजवण्यात आल्या.

अर्थव्यवस्था : पोलादी गुंडाळ्या, खते व अवजड यंत्रसामग्री यांची वाहतूक या रेल्वेने होत असे. बहुतेक माल आता रस्त्याने जातो.

प्रशासन : बंदर विश्वस्त मंडळाचा रेल्वे विभाग. २०२१ च्या महाबंदर प्राधिकरण कायद्यानंतर मंडळाचे नाव मुंबई बंदर प्राधिकरण.

अन्य : ऑरेंज गेटपासून निघणारा पूर्व मुक्त मार्ग (२०१३) बंदराच्या जमिनीवरून जातो. शिवडीहून निघणारा अटल सेतू हा सागरी पूल जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. बंदराच्या पूर्व किनाऱ्यावरील जमिनीच्या पुनर्विकासासाठी केंद्राने २०१४ मध्ये बंदराच्या माजी अध्यक्षा राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. मुंबईत असा सलग मोकळा पट्टा दुर्मिळ, म्हणून रुळांखालच्या जमिनीकडे सगळ्यांचे लक्ष आहे.