वन्य पशू, मालकी आणि कायदा : एक दृष्टिक्षेप

जव्हार-मोखाड्याच्या डोंगररानात माणूस आणि वाघ-बिबट्या यांचे नाते फार जुने आहे. येथील आदिवासी बांधव वाघबारशीला वाघदेवाची पूजा करून गुराढोरांच्या रक्षणाची प्रार्थना करतात. त्या पूजेत भय आहे, आदर आहे. पण वाघ आपल्या मालकीचा व्हावा ही इच्छा नाही. हिंस्र पशू बाळगण्याचा शौक राजेरजवाड्यांचा. कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळले जात. पुढे विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये मुंबईत सर्कस सुरू केली आणि पिंजऱ्यातील श्वापदे सामान्यजनांच्याही करमणुकीचे साधन बनली.

कायद्याने प्रथम चिंता वाहिली ती माणसाच्या जीविताची. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम २८९ नुसार, ताब्यातील जनावरापासून मनुष्यास अपाय होऊ नये याची दक्षता न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होत्या. पशू बाळगावा की नाही, याविषयी ते कलम मौन होते. इंग्रजी अमलातील मोखाडा आणि मुकणे घराण्याचे जव्हार संस्थान हे दोन्ही मुलूख १९४८ च्या विलीनीकरणानंतर एकाच कायद्याच्या छत्राखाली आले. १ जुलै २०२४ पासून त्या कलमाची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ ने घेतली.

खरे परिवर्तन घडविले ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने. ज्यांच्याजवळ सूचीतील पशू आधीपासून होते, त्यांना ते शासनास कळविणे बंधनकारक झाले. मालकीचे प्रमाणपत्र घ्यावे लागले. बेकायदा पकडलेला वन्य पशू शासनाची मालमत्ता ठरला. १९९१ च्या दुरुस्तीने प्राणिसंग्रहालयांनाही मान्यतेचे बंधन आले. १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी घातली व २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली.

या प्रवासाचा अलीकडचा टप्पा जैन समाजाच्या अंतःकरणाला भिडणारा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणी मठात १९९२ पासून असलेल्या महादेवी ऊर्फ माधुरी हत्तिणीला जामनगर येथील केंद्रात हलविण्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये उचलून धरला. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. हजारो भाविकांचे डोळे पाणावले, मोर्चे निघाले. त्यांची माया खोटी नव्हती. परंतु न्यायालयापुढील प्रश्न मायेचा नव्हता. हत्तिणीचे पाय, तिचे एकाकीपण आणि तिचे आरोग्य यांचा होता. धार्मिक उपयोगापेक्षा तिच्या हिताला न्यायालयाने अग्रक्रम दिला.

हा विचार जैन धर्माला परका नाही. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत 'बंध' अर्थात जिवाला बांधून ठेवणे, याची गणना आहे. जे आचार्यांनी श्रावकाच्या विवेकावर सोपविले, त्याच दिशेने कायदा पुढे वळला. म्हणून रानात बिबट्याचे बछडे आढळले, तर दयेपोटीही ते घरी न आणता वनखात्यास कळवावे. तेथे आईची भेट होण्याची आशा असते. जीवदयेची परंपरा सांगणाऱ्या समाजाने इतका विवेक जपावा, हीच अपेक्षा.