लोणारचा 'शोध' कुणी लावला?

आमच्या वडखळ-पेणकडे मिठागरं, म्हणून बुलढाण्यातल्या लोणार सरोवराचं खारं पाणी मला परकं वाटत नाही. हे सरोवर १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने शोधलं, असं छापलेलं असतं. मीही वर्गात तेच सांगत आलो.

पण अबुल फजलची 'आईन-ए-अकबरी' त्याच्या दोनशेहून अधिक वर्षं आधीची. तिच्यात बेरार (म्हणजे आपला वऱ्हाड) सुभ्याच्या वर्णनात लोणार आहे: काच आणि साबण करायला लागणारा माल तिथे मिळतो, सोऱ्यापासून सरकारला चांगला महसूल येतो. गावातलं दैत्यसूदन मंदिर तर अकबराच्याही आधीचं. ज्यावर महसूल वसूल होत होता, ते अज्ञात कसं?

यंदा फळ्यावर १८२३ समोर मी 'इंग्रजांनी नोंद केली' एवढंच लिहिलं.