मायकेल डिबेकी आणि रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया

मायकेल डिबेकी यांचा जन्म ७ सप्टेंबर १९०८ रोजी अमेरिकेतील लुईझियाना राज्यात, लेक चार्ल्स या गावी झाला. आईवडील लेबनॉनमधून आलेले ख्रिस्ती स्थलांतरित होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पहिल्या महायुद्धापर्यंत ऑटोमन सत्तेखालील लेबनॉन परिसरातून माणसांचे लोंढेच्या लोंढे अमेरिका खंडाकडे गेले. रेशमाच्या धंद्याला लागलेली उतरती कळा, तुटपुंजी शेती आणि सक्तीच्या लष्करभरतीची धास्ती ही त्यामागची मोठी कारणे. नव्या देशात यांतले पुष्कळजण आधी गाठोडे घेऊन फेरीचा धंदा करीत आणि चार पैसे जमले की दुकान थाटीत. दबाघी कुटुंबाने लुईझियानाची निवड केली, कारण तिथे फ्रेंच बोलली जाई आणि ती भाषा त्यांना अवगत होती. अमेरिकेत दबाघीचे डिबेकी झाले.

वडिलांची औषधांची दुकाने आणि भातशेती होती. दुकानात येणाऱ्या डॉक्टरांच्या गप्पा ऐकतच मायकेलला वैद्यकाची ओढ लागली. आई शिवणकामात निष्णात होती आणि गावातल्या मुलींना ते शिकवीत असे. तिच्याकडून मायकेल शिवण, विणकाम आणि क्रोशाकाम शिकला. घरात वाचनाची शिस्त कडक होती आणि मुलांसाठी ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’चे खंड विकत घेतलेले होते. कॉलेजात जाण्यापूर्वी भावंडांनी ते वाचून काढले. पाच भावंडांपैकी अर्नेस्टही शल्यविशारद झाला, तर लोइस आणि सेल्मा या बहिणींनी वैद्यकीय लेखन हा अध्यापनाचा विषय म्हणून रुजवला.

न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठातून डिबेकी १९३२ मध्ये डॉक्टर झाले. विद्यार्थी असतानाच एका प्राध्यापकाच्या प्रयोगासाठी त्यांनी रक्त पुढे ढकलणारा पंप तयार केला. रबरी नळी फिरत्या रुळांखाली दाबली जाई आणि आतले रक्त सलग पुढे सरके. पंपाचा कोणताही भाग रक्ताला लागत नसल्याने रक्तपेशींची हानी कमी होई. सुरुवातीला हा पंप रक्त चढवण्यासाठी वापरला गेला. १९५३ मध्ये जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या आधारे उघड्या हृदयावर पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. पुढे अशा यंत्रांत रुळांचा पंप हा मुख्य भाग ठरला.

टुलेनमध्ये त्यांना आल्टन ऑक्सनर हे गुरू लाभले. त्यांच्या सल्ल्याने डिबेकी युरोपात गेले आणि स्ट्रासबर्गला रने लेरिश, तर हायडेलबर्गला मार्टिन किर्शनर यांच्या हाताखाली शिकले. ऑक्सनर आणि डिबेकी यांनी १९३९ मध्ये धूम्रपानाचा फुप्फुसाच्या कर्करोगाशी संबंध असल्याचे मांडले. सिगारेट ओढणे प्रतिष्ठेचे मानले जात होते, त्या काळात हे मत लोकांच्या पचनी पडले नाही.

दुसऱ्या महायुद्धात डिबेकी अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय मुख्यालयात होते. जखमी सैनिकाला दूरच्या इस्पितळात नेण्यात मोलाचे तास जातात, म्हणून शल्यविशारदांनीच आघाडीजवळ जावे, या विचाराने फिरती पथके उभी राहिली. कोरियाच्या युद्धातील फिरत्या लष्करी शस्त्रक्रिया इस्पितळांना या अनुभवाचा पाया मिळाला. मुख्यालयातच लष्कराचे जुने वैद्यकीय ग्रंथालय मोडकळीला आलेले त्यांनी पाहिले. त्याला राष्ट्रीय संस्थेचा दर्जा मिळावा यासाठी त्यांनी चिकाटीने पाठपुरावा केला आणि १९५६ च्या कायद्याने राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालय अस्तित्वात आले.

१९४८ मध्ये ते ह्यूस्टनच्या बेलर वैद्यक महाविद्यालयात शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख झाले. महाविद्यालयाला तेव्हा हक्काचे इस्पितळ नव्हते. शहरातील सार्वजनिक इस्पितळ आणि माजी सैनिकांचे इस्पितळ महाविद्यालयाशी जोडून घेऊन त्यांनी शिकवण्याची व्यवस्था उभी केली. पुढची साठ वर्षे हेच त्यांचे कार्यक्षेत्र राहिले.

महारोहिणी म्हणजे हृदयातून निघणारी शरीरातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी. तिच्या भिंतीला फुगवटा आला की ती कधी फुटेल याचा नेम नसे, आणि फुटली की बहुधा मृत्यूच. १९५१ मध्ये पॅरिसच्या शार्ल द्युबो यांनी पोटातील असा फुगवटा काढून तिथे मृत व्यक्तीची रक्तवाहिनी जोडली. डिबेकी आणि त्यांचे तरुण सहकारी डेंटन कूली यांनी ह्यूस्टनमध्ये अशा शस्त्रक्रियांचा धडाका लावला. पण मृतांच्या रक्तवाहिन्या पुरेशा मिळत नसत आणि काही काळाने खराबही होत.

कापडाची नळी वापरता येते हे आर्थर व्हूरहीस यांनी १९५२ मध्ये दाखवले होते. डिबेकी ह्यूस्टनच्या बाजारात नायलॉन घ्यायला गेले, तेव्हा ते संपले होते, म्हणून दुकानदाराने डेक्रॉन हे नवे कापड पुढे केले. घरच्या शिवणयंत्रावर त्यांनी स्वतः त्याच्या नळ्या शिवल्या. नायलॉन शरीरात कमकुवत होत असे, डेक्रॉन मात्र टिकले. १९५४ पासून या नळ्या रुग्णांना बसवल्या जाऊ लागल्या, आणि नंतर विणकामाच्या खास यंत्रावर त्या बिनजोड विणल्या जाऊ लागल्या. पक्षाघाताचा धोका टाळण्यासाठी मानेतील रोहिणी उघडून आतला थर साफ करण्याची शस्त्रक्रिया त्यांनी १९५३ मध्ये यशस्वी केली. पायातील शीर काढून हृदयाच्या अडलेल्या रोहिणीला पर्यायी वाट देणाऱ्या आरंभीच्या यशस्वी शस्त्रक्रियांपैकी एक त्यांच्या चमूने १९६४ मध्ये केली.

१९६६ मध्ये शस्त्रक्रियेनंतर थकलेल्या हृदयाला आधार देणारा पंप त्यांनी एका मेक्सिकन महिलेला दहा दिवस लावला आणि ती बरी होऊन घरी गेली. मात्र ४ एप्रिल १९६९ रोजी कूली यांनी पूर्ण कृत्रिम हृदय प्रथमच माणसाला बसवले. ते आपल्या प्रयोगशाळेतील संशोधनातून परवानगीविना नेल्याचा डिबेकी यांचा आक्षेप होता. दोघांतील अबोला २००७ पर्यंत टिकला.

डिबेकी पहाटे उठत, दिवसात अनेक शस्त्रक्रिया करीत आणि सहकाऱ्यांकडूनही तीच कठोर शिस्त मागत. त्यांनी केलेल्या शस्त्रक्रियांची संख्या ६०,००० च्या वर सांगितली जाते. १९६३ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. १९९६ मध्ये रशियाचे अध्यक्ष बोरिस येल्त्सिन यांच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी सल्लागार म्हणून त्यांना मॉस्कोला बोलावण्यात आले.

३१ डिसेंबर २००५ रोजी त्यांच्याच महारोहिणीच्या भिंतीचे थर फाटले. हा विकार कुठे सुरू होतो आणि किती पसरतो यावरून केलेले आणि डॉक्टर आजही वापरतात ते वर्गीकरण त्यांच्याच नावाने ओळखले जाते. आधी त्यांनी शस्त्रक्रियेला नकार दिला होता. फेब्रुवारी २००६ मध्ये ते बेशुद्धावस्थेत गेल्यावर कुटुंबाने आणि सहकाऱ्यांनी निर्णय घेतला. इस्पितळाच्या नीतिसमितीची मान्यता मिळाली आणि जुने सहकारी जॉर्ज नून यांनी डेक्रॉनची नळी बसवली. सत्त्याण्णवाव्या वर्षी ते वाचले. ११ जुलै २००८ रोजी, शंभरीला दोन महिने उरले असताना, ह्यूस्टनमध्ये त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांचे दफन झाले. जिथे साधन नाही तिथे ते घडवायचे आणि जिथे व्यवस्था नाही तिथे ती उभारायची, ही त्यांची कामाची रीत होती. म्हणूनच कापडी रक्तवाहिन्या, हृदयाला आधार देणारे पंप आणि जगभरच्या डॉक्टरांना संशोधन पुरवणारे ग्रंथालय या तिन्ही गोष्टींच्या इतिहासात त्यांचे नाव येते.