जुन्या बुलेटचं इंजिन बांधलं, पण गाडी धड चालेना? पुन्हा खोलण्याआधी हे तपासा

वाड्यावस्त्यांवर आजही अनेक घरी वडिलांच्या किंवा आजोबांच्या वेळची कास्ट आयर्न बुलेट ताडपत्रीखाली उभी असते. हंगामात चार पैसे हातात आले की कुणीतरी ती बाहेर काढतं, पिस्टन-रिंगा टाकून इंजिन बांधून घेतं. आणि खरा घोळ तिथून सुरू होतो. किक मारून पाय सुजला तरी गाडी घेत नाही, घेतली तर धूर सोडते, नाहीतर दहा किलोमीटरवर जाम होते. मिस्त्री म्हणतो, "परत खोलावं लागंल."

खोलायची घाई करू नका. बांधलेल्या इंजिनच्या बऱ्याच तक्रारी बाहेरूनच सापडतात. उलट सारखं खोलण्यात नुकसान आहे. सिलिंडरचा बोअर एकदा स्टँडर्डवरून टेन, ट्वेंटी, थर्टी, फॉर्टीवर गेला की मागे येत नाही, आणि दर वेळी जाम झालं की एक पायरी संपते.

मद्रासमध्ये १९५५ साली एनफिल्ड इंडिया कंपनी स्थापन झाली आणि तिथूनच ही गाडी देशभर पसरली. ३५० म्हणतो त्या इंजिनचा बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९० मिलिमीटर, म्हणजे प्रत्यक्षात ३४६ सीसी. रचना साधी असल्यामुळे दोषही हाताने शोधता येतो.

पहिलं काम ऑईलचं

नवं बांधलेलं इंजिन सगळ्यात जास्त मरतं ते ऑईल न पोचल्यामुळे. या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला फ्लोटिंग बुश असतो. त्याला ऑईलचा दाब मिळाला नाही तर तो थोड्या वेळात खातो, आणि मग क्रँक बाहेर काढल्याशिवाय सुटका नाही.

ऑईल फिरवायला उजव्या बाजूच्या टायमिंग कव्हरमध्ये दोन छोटे पंप आहेत, एक देणारा आणि एक परत आणणारा. इंजिन खोललं की पंप आणि नळ्या रिकाम्या होतात. म्हणून सुरू करण्याआधी फिल्टरच्या खोलीत ऑईल ओतून भरा, प्लग काढा आणि तशाच किका मारत राहा. हेडकडे जाणाऱ्या बारीक नळीचा बोल्ट थोडा सैल ठेवा. तिथे ऑईल झिरपलं म्हणजे परतीचा पंप काम करतोय. बऱ्याच किका मारूनही कोरडंच राहिलं तर इंजिन सुरू करू नका.

मात्र हेडला ऑईल आलं म्हणून बुशलाही पोचलं असं समजू नका. वर जातं ते परतीच्या पंपाचं. बुशकडचा रस्ता टायमिंग कव्हर आणि क्रँकचं टोक यांच्यामधल्या एका छोट्या सीलवरून जातो. तो फाटका असेल किंवा बसवायचाच राहिला असेल तर ऑईल वाटेतच गळतं. कव्हर लावण्याआधी तो सील आपल्या डोळ्यांनी पाहून घ्या, गॅरेजमध्ये उभं राहावं लागलं तरी चालेल. पंप फिरवणाऱ्या वर्मच्या नटाला उलटे आटे असतात. ते माहीत नसलेला माणूस जोर लावून आटे घालवतो.

धूर दिसला म्हणजे रिंगाच गेल्या असं नाही. बुलेट बरेच दिवस उभी राहिली की टाकीतलं ऑईल हळूहळू खाली क्रँककेसमध्ये उतरतं. सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटं निळसर धूर निघतो आणि थांबतो. थांबला तर विषय संपला. गाडी गरम होऊनही धूर चालूच असेल तर रिंगांकडे बघा. उतारावर थ्रॉटल सोडून पुन्हा दिला की भसकन धूर येत असेल तर संशय व्हॉल्व्हच्या गाइडवर घ्या.

किक मारून गाडी घेत नसेल तर

आधी टॅपेट बघा, कारण त्याला पैसा लागत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना पिस्टन कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकला वर आणा. दोन्ही पुशरॉड बोटांनी सहज फिरायला हवेत, पण वर-खाली हलायला नकोत. घट्ट असतील तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि पुढे व्हॉल्व्ह जळतो. कॉम्प्रेशन तरीही कमी लागत असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडून किक मारा. किक जड झाली तर रिंगांची बाजू, काहीच फरक नाही तर व्हॉल्व्हची.

नंतर पॉइंट. गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा. टायमिंग ३५० ला पिस्टन वरच्या टोकाच्या ०.८ मिलिमीटर आधी असताना, अ‍ॅडव्हान्स पूर्ण मिटलेला ठेवून, पॉइंट उघडले पाहिजेत. ते बघायला मशीन लागत नाही. बॅटरी चांगली असेल तर चावी चालू करा आणि इंजिन हाताने हळू फिरवा. पॉइंट मिटलेले असताना अ‍ॅमीटरचा काटा डिस्चार्जकडे झुकतो, उघडले की मध्यावर उडी मारतो. काटा उडतो तोच क्षण. टायमिंग फार पुढे असेल तर किक उलटी मारते. घोटा मोडू शकतो, तेव्हा चपलेवर किक मारू नका.

स्पार्क जोरदार असूनही गाडी फक्त फटाके फोडत असेल, तर एक चूक हमखास शोधा. पिस्टन दर दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्टला. टायमिंग चुकीच्या वेळी धरलं गेलं तर ठिणगी पडते, पण कामाच्या वेळी पडत नाही. तेही बरोबर असेल तर मगच टायमिंग गिअरवरचे ठिपके जुळलेत का ते बघायला कव्हर काढा.

इंजिन फटफटत असेल किंवा आयडल टिकत नसेल तर कार्बोरेटर आणि हेडच्या जोडावर बाहेरून थोडं ऑईल सोडा. आवाज बदलला तर तिथून हवा ओढतोय. सध्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते आपल्याच उसाचं असलं तरी जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि कॉकचे वॉशर त्याला टिकत नाहीत, आणि उभ्या गाडीच्या टाकीत ते पाणी धरतं. टाकी रिकामी करून नवं पेट्रोल टाकलं तर कित्येकदा निम्मं दुखणं तिथंच जातं.

गाडी चालू झाली तरी पहिले ५०० किलोमीटर ४०-५० च्या पुढे नेऊ नका. मागे दुधाचे कॅन किंवा खताची पोती नकोत. चढावर मोठ्या गिअरला कोंडून चालवू नका. पहिल्यांदा गरम होऊन थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा आवळा आणि त्यानंतर टॅपेट परत बघा, कारण नट आवळले की टॅपेट बदलतात. ५०० किलोमीटरला ऑईल आणि फिल्टर बदला. निघालेलं ऑईल पांढऱ्या कापडावर गाळा. बारीक चमक असेल तर चालतं, कणकण हाताला लागले तर मात्र इंजिन खोलावंच लागेल.

आणि क्रँककेस बदलायचं कुणी सुचवलं तर आधी आरटीओत चौकशी करा. इंजिन नंबर त्याच्यावरच ठोकलेला असतो. आरसी बुकाशी तो जुळला नाही तर १५ वर्षांनंतरचं नूतनीकरण अडतं.