मागे पाहणारा डोळा

ट्रक मागे घेताना पत्र्यावर थापा मारत "येऊ द्या, येऊ द्या… बस्स!" असे ओरडणारा क्लीनर भारतातील कोणत्याही बाजारपेठेत दिसतो; प्रांतागणिक बदलते ती केवळ भाषा. वाहनाला मागे डोळा हवा, ही गरज आपण अशी माणूस उभा करून भागवली. पुढे खासगी मोटारींना रिव्हर्स हॉर्न लागले आणि गल्लोगल्ली चित्रपटगीतांच्या चाली घुमू लागल्या. हा हॉर्न मागच्या माणसाला सावध करी. चालकाला मात्र काहीच दिसत नसे. शिवाय दोन वर्षांच्या मुलाला त्या इशाऱ्याचा अर्थ काय कळणार?

चालकालाच दिसावे, ही कल्पना जुनी आहे. १९५६ साली ब्यूक कंपनीच्या 'सेंच्युरियन' या प्रदर्शनापुरत्या मोटारीत आरशाऐवजी मागे दूरचित्रवाणी कॅमेरा आणि पुढे पडदा होता. परंतु तेव्हाचे कॅमेरे निर्वात नळीवर चालत. ते बोजड आणि महाग होते. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडीची रचना मांडली. प्रकाशाचे विद्युतसंकेतात रूपांतर करणाऱ्या या चकतीने कॅमेरा लहान झाला. २००९ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. १९९१ मध्ये जपानच्या टोयोटा सोअरर मोटारीत मागचा कॅमेरा ग्राहकांपर्यंत पोहोचला.

साधन आले, सक्ती मात्र फार उशिरा आली. २००२ मध्ये अमेरिकेत एका बालरोगतज्ज्ञाची मोटार घराच्या आवारात मागे येत असताना त्याचाच दोन वर्षांचा मुलगा तिच्याखाली सापडून दगावला. त्या मुलाच्या नावाचा कायदा २००८ मध्ये झाला. नव्या मोटारींना कॅमेरा पूर्णपणे बंधनकारक होण्यास १ मे २०१८ उजाडला.

भारतात १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या मोटारींना रिव्हर्स पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. सेन्सर श्राव्यातीत ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून अंतर सांगतो. समोर खांब आहे की मूल, हे सांगत नाही. त्याआधीच्या मोटारींना तर हा नियम लागूच नाही. त्यांच्या मागचा न दिसणारा पट्टा आजही तसाच आहे.

तो उजळण्याचे काम गॅरेजमधील वायरमन करतो. नंबरप्लेटच्या वर कॅमेरा बसतो. रिव्हर्स गिअर पडताच मागच्या पांढऱ्या दिव्याला मिळणारा १२ व्होल्टचा प्रवाहच कॅमेऱ्याला जागे करतो. चित्राची तार गालिच्याखालून डॅशबोर्डपर्यंत जाते. डिकीच्या बिजागरीपाशी तार रबरी नळीतून न्यावी लागते, नाहीतर उघडझाप होऊन ती तुटते. चित्र आरशाप्रमाणे डावे-उजवे उलटवलेले असावे लागते.

एक गोष्ट मात्र बहुधा राहून जाते. रुंद कोनाच्या भिंगातून वस्तू आहे त्याहून दूर भासते, आणि पडद्यावरच्या रंगीत रेषा आपल्या गाडीच्या मापाच्या असतीलच असे नाही. म्हणून बंपरपासून एक मीटरवर खडूने रेघ ओढून ती पडद्यावर कुठे दिसते, हे एकदा पाहून ठेवावे. पावसाळ्यात भिंगावरचा चिखल पुसावा. आणि अंगणात मुले असतील तर गाडीत बसण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी मारावी.