हातगुणाचे शास्त्र कसे झाले

कंबरेत उसण भरली की पूर्वी गावात पायाळू माणसाचा शोध होई. पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायांनी बाहेर आलेला. त्याने दुखऱ्या कंबरेला पाय लावला किंवा हलकीशी लाथ मारली की उसण उतरते, असा समज. हा समज फक्त आपल्याकडचा असेल असे वाटते, पण स्कॉटलंडच्या ईशान्य भागातही पायांकडून जन्मलेल्यांना हाच मान होता. लचक, कंबरदुखी, संधिवात असे काही झाले की त्यांच्याकडून चोळून किंवा तुडवून घेत.  हिप्पोक्रातिसच्या नावावर असलेल्या सांध्यांवरील ग्रीक ग्रंथात रुग्णाला फळीवर पालथे बांधून, दोन्हीकडून ताणून, पाठीच्या कुबडावर हाताने किंवा पायाने दाब देण्याची कृती आहे. त्याच ग्रंथात रुग्णाला शिडीला उलटे बांधून वरून आदळण्याच्या उपायाचीही माहिती येते. पण लेखक बजावतो की याने कोणाची पाठ सरळ झाल्याचे त्याला ठाऊक नाही, आणि असले प्रयोग करणाऱ्यांना बघ्यांचे डोळे विस्फारायचे असतात. मान पिळतानाचा ‘कट्ट’ आवाज मायक्रोफोन लावून ऐकवणाऱ्या आजच्या मोबाइलवरच्या चित्रफिती त्याने पाहिल्या असत्या तर त्याला नवल वाटले नसते.

तेव्हा पाठीला हात लावून दुखणे उतरवण्याची विद्या कोणा एकाची नाही. आपल्याकडे हाडवैद्य होते, तसे इंग्लंडमध्ये हाडे बसवणारे होते. 1736 च्या सुमारास सॅली मॅप नावाच्या बाईचे एवढे नाव झाले की होगार्थने डॉक्टरांची टर उडवणाऱ्या चित्रात तिला वरच्या रांगेत बसवले. 1867 मध्ये सर जेम्स पॅजेट या नामवंत शल्यचिकित्सकाने ‘हाडे बसवणारे बरे करतात असे रुग्ण’ या विषयावर व्याख्यान दिले. त्यांच्यातले चांगले घ्या, वाईट टाळा, असा सल्ला त्याने आपल्याच व्यवसायबंधूंना दिला. या सगळ्यांकडे हातगुण होता, पण तो का येतो हे सांगणारा सिद्धांत नव्हता. मणके हाताने दाबून बसवण्याच्या, कायरोप्रॅक्टिक नावाच्या उपचारपद्धतीच्या कुळकथेतली खरी नवलाई इथेच आहे. त्यात हात जुनाच आहे, नवे आहे ते स्पष्टीकरण. ते स्पष्टीकरण पुढे चुकीचे ठरले. तरीही धंदा उभा राहिला तो त्याच्याच जोरावर, आणि आजच्या दवाखान्यांतली ‘दुखत नसले तरी महिन्यातून एकदा या’ ही वेलनेसची भाषा त्याच्याच पोटची आहे.

डॅनियल डेव्हिड पामर हा कॅनडात 1845 मध्ये जन्मलेला, किराणा दुकानापासून बरेच काही करून पाहिलेला माणूस. अमेरिकेच्या आयोवा राज्यात मिसिसिपीकाठच्या डेव्हनपोर्ट गावी तो चुंबकीय उपचार करी, म्हणजे हात फिरवून शरीरातली शक्ती वाहती करण्याचा दावा करी. सप्टेंबर 1895 मध्ये त्याच्या इमारतीची झाडलोट करणाऱ्या हार्वे लिलार्डशी त्याचे बोलणे झाले. सतरा वर्षांपूर्वी अवघडलेल्या स्थितीत वाकून जोर लावताना पाठीत काहीतरी सरकले आणि तेव्हापासून ऐकू येईनासे झाले, असे लिलार्डने सांगितल्याचे पामर लिहितो. पामरने पाठ चाचपली, एक मणका जागचा हललेला दिसला, तो त्याने दाबून बसवला आणि लिलार्डला ऐकू येऊ लागले. लिलार्डच्या मुलीने मात्र पुढे वेगळीच हकिकत सांगितली. थट्टामस्करीत पामरने तिच्या वडिलांच्या पाठीत पुस्तक हाणले आणि काही दिवसांनी कान जरा बरा वाटू लागला, एवढेच. दोन्हींपैकी काहीही मानले तरी एक अडचण उरते. ऐकण्याची नस कानातून थेट मेंदूत जाते, पाठीच्या मणक्यांतून जात नाही. दुसरी गोष्टही ध्यानात घेण्यासारखी आहे. पामरचा दुसरा गाजलेला रुग्ण हृदयविकाराचा होता. ज्या विद्येकडे आज जग कंबर धरून जाते, तिच्या जन्मकथेत कंबरदुखी नाहीच.

नाव ठेवले पामरच्या ओळखीच्या सॅम्युअल वीड या पाद्र्याने. ग्रीकमध्ये ‘खीर’ म्हणजे हात, त्याला करण्याच्या अर्थाचा शब्द जोडला. थोडक्यात, हाताने केलेले. नाव नम्र होते, दावा मात्र मुळीच नम्र नव्हता. 1910 च्या आपल्या जाड ग्रंथात पामरने मांडले की शंभरातले 95 आजार मणके सरकून नसांवर ताण आल्याने होतात आणि उरलेले पाच इतर सांध्यांमुळे. या सरकण्याला त्याने ‘सबलक्सेशन’ म्हटले. मणके बसवणारा आपण पहिला नाही, ही विद्या हजारो वर्षांची आहे, हे त्याने त्याच ग्रंथात मान्य केले. मणक्याची मागून हाताला लागणारी आणि बाजूंची टोके तरफेसारखी वापरणारा पहिला मात्र मीच, असे त्याचे म्हणणे. मिसूरीत अँड्र्यू टेलर स्टिल यांनी त्याआधीच ऑस्टिओपथी उभी केली होती. त्यांच्या मते सगळे रक्तवाहिन्यांत अडते, पामरच्या मते नसांत. हात तेच, पाठही तीच, फक्त अडले कुठे यावर दोन घराणी झाली.

हे वेगळेपण पोथीत राहिले नाही, कोर्टात उपयोगी पडले. परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल 1906 मध्ये पामरला शिक्षा झाली. आधी दंड नाकारून तो तुरुंगात गेला आणि काही दिवसांनी दंड भरून बाहेर आला. पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉस गावी शेगातारो मोरिकुबो या कायरोप्रॅक्टरवर विनापरवाना ऑस्टिओपथी केल्याचा खटला चालला. आमचे तत्त्वज्ञान वेगळे, म्हणून आमचा व्यवसाय वेगळा, असा बचाव झाला आणि ज्युरीने त्याला सोडले. त्यानंतर शब्दही जपून वापरले जाऊ लागले. निदान म्हणायचे नाही, विश्लेषण म्हणायचे. उपचार म्हणायचे नाही, ‘अ‍ॅडजस्टमेंट’ म्हणायचे. सिद्धांत खरा आहे की खोटा याहून तो आपल्याला वेगळे ठरवतो का, हा प्रश्न मोठा झाला. एकदा पोटापाण्याची ढाल झालेला सिद्धांत सोडणे किती अवघड असते हे कुठल्याही पंथाला विचारावे.

मुलगा बार्टलेट जोशुआ पामर, सगळ्यांचा बी. जे., हा बापापेक्षा वरचढ व्यापारी निघाला. त्याने पामर स्कूल ताब्यात घेतले, 1910 मध्ये क्ष-किरण यंत्र आणले, 1922 मध्ये डब्ल्यूओसी हे रेडिओ केंद्र विकत घेतले. (दहा वर्षांनी याच केंद्रावर रोनाल्ड रेगन नावाचा एक तरुण निवेदकाच्या नोकरीला लागला.) 1924 मध्ये मणक्याच्या दोन बाजूंच्या उष्णतेतला फरक दाखवणारे न्यूरोकॅलोमीटर हे उपकरण त्याने व्यवसायात आणले. ते विकले नाही, भाड्याने दिले. आता सिद्धांताकडे वळून पाहावे. आजाराचे मूळ सरकलेला मणका असेल आणि सरकलेला मणका दुखेलच असे नसेल, तर निरोगी दिसणारा प्रत्येक माणूस हा रुग्णच. त्याला फक्त ते ठाऊक नसते. लहान मूल, गरोदर बाई, सकाळी पाच किलोमीटर पळणारा तरुण, कोणीही सुटत नाही. कंबरदुखी बरी झाली की दवाखान्याशी संबंध संपतो, ‘आरोग्य राखणे’ मात्र कधीच संपत नाही. वर्षभराचे पॅकेज, मासिक तपासणी, कुटुंबासाठी सवलत ही सगळी त्या 95 टक्क्यांची नातवंडे आहेत.

आणि पुरावा काय? तर आवाज. आपल्याकडे दृष्ट काढताना कानशिलांवर बोटे मोडतात, कडाकडा वाजली तर म्हणायचे बघा किती लागली होती. पाठीचेही तसेच झाले आहे. आवाज आला म्हणजे हाड जागेवर बसले, असे रुग्णाला वाटते आणि फारसे कोणी दुरुस्त करत नाही. 2015 मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी बोट एमआरआय यंत्रात ठेवून ओढले. आवाज येतो त्या क्षणी सांध्यातल्या द्रवात पोकळी तयार होताना दिसली. हाड कुठूनही कुठे बसले नव्हते. आवाज आला म्हणून गुण आला, असा संबंधही अभ्यासांतून सिद्ध झालेला नाही.

यावर कोणी म्हणेल, सिद्धांत गेला खड्ड्यात, मला बरे वाटले त्याचे काय? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तरही सरळ आहे: बरे वाटते, पण बेताचे. 2017 मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात ताज्या कंबरदुखीवरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. वेदना 0 ते 100 मापली तर हाताच्या उपचाराने ती तुलनेच्या गटांपेक्षा सरासरी सुमारे 10 गुणांनी जास्त उतरली. त्याच वर्षी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने सांगितले की अशा दुखण्यात गोळ्यांआधी शेक, मालिश, अ‍ॅक्युपंक्चर किंवा मणक्यांवरचा हस्तोपचार करून पाहावा. ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2016 मध्ये अट घातली की हस्तोपचार द्यायचा तर व्यायामाच्या जोडीनेच. सगळ्यात बोलकी चाचणी 1998 ची, वॉशिंग्टन राज्यातली. 321 माणसांचे तीन गट केले. एकाला कायरोप्रॅक्टिक, दुसऱ्याला फिजिओथेरपीचे व्यायाम, तिसऱ्याला फक्त एक माहितीपुस्तिका. पहिले दोन्ही गट सारखेच ठरले आणि पुस्तिकेपेक्षा जेमतेम पुढे. समाधान मात्र उपचार घेणाऱ्यांना बरेच जास्त होते, आणि ते खोटे म्हणता येणार नाही. घाबरलेल्या माणसाचे कोणी नीट ऐकून घेतो, नेमके दुखते तिथे हात ठेवतो, हे कमी नसते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. डॉक्टर तरी कुठले धुतल्या तांदळाचे? खरे आहे. अमेरिकी वैद्यक संघटनेने कायरोप्रॅक्टरशी व्यावसायिक संबंध ठेवणे अनैतिक ठरवले होते. पॅजेटने सुचवलेल्या वाटेच्या अगदी उलटी ही वाट. त्यावर चेस्टर विल्क आणि सहकाऱ्यांनी 1976 मध्ये खटला भरला आणि 1987 मध्ये न्यायाधीश सुसान गेट्झेनडॅनर यांनी संघटनेने स्पर्धाविरोधी कायदा मोडल्याचा निकाल दिला. तो विजय म्हणून अजून मिरवला जातो, पण ही विद्या शास्त्रीय आहे की नाही हे त्या निकालाने ठरवले नव्हते. डॉक्टरांनी पाठीला किती दिवस अंथरुणाशी बांधून ठेवले हेही विसरू नये. 1986 च्या एका अमेरिकी चाचणीत दोन दिवसांची विश्रांती सात दिवसांइतकीच ठरली, आणि दोन दिवसवाल्यांचे खाडेही कमी झाले. 1934 मध्ये मिक्स्टर आणि बार यांनी सरकलेल्या गादीने पाय दुखतो हे दाखवले आणि मग प्रत्येक पाठीत गादी शोधली जाऊ लागली. आपल्याकडचे ‘मणक्यात गॅप आलीय’ हे त्याचेच घरगुती रूप. गंमत अशी की झिजलेल्या गादीपाशी मणक्यांतले अंतर कमी होते, आणि आपण म्हणतो गॅप वाढली. 1994 मध्ये पाठ अजिबात न दुखणाऱ्या 98 जणांचे एमआरआय काढले तर निम्म्याहून अधिक लोकांची एखादी तरी गादी फुगलेली निघाली. म्हणजे एखादी जागा दाखवून तिच्यावर सगळे खापर फोडण्याची खोड पामरची एकट्याची नव्हे. फरक पडतो तो पुढे. सक्तीची विश्रांती पाठ्यपुस्तकांतून गेली. सबलक्सेशनबद्दल ब्रिटनच्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलने 2010 मध्ये, ही ऐतिहासिक कल्पना आहे आणि ती आजाराचे कारण असल्याला संशोधनाचा आधार नाही, असे स्वतःच लिहून दिले. तरी कित्येक दवाखान्यांत मणक्यांतून निघालेल्या नसा कुठल्या अवयवाला जातात याचा रंगीत तक्ता अजून टांगलेला असतोच.

मग रोजच्या आरोग्याचे काय करायचे? चालणे, वजन आटोक्यात ठेवणे, झोप, तंबाखू सोडणे, कंबरेला झेपेल तेवढा व्यायाम हे सगळे चांगल्या कायरोप्रॅक्टरच्या दवाखान्यातही सांगतात, फिजिओथेरपिस्टही सांगतात. यातल्या एकालाही सरकलेल्या मणक्याची गरज नाही. 1995 मध्ये हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवर चाचणी झाली. कंबर धरलेल्यांपैकी काहींना दोन दिवस झोपवले, काहींना पाठ वाकवण्याचे व्यायाम दिले, आणि उरलेल्यांना सांगितले की सोसेल तेवढी रोजची कामे करत राहा. हे तिसरे लोक सर्वांत लवकर सुधारले. मात्र पायातली ताकद गेली, जांघेच्या आतल्या भागात बधिरपणा आला, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, किंवा पाठदुखीबरोबर ताप येऊन वजन उतरू लागले, तर पायाळूही नको आणि कायरोप्रॅक्टरही नको, थेट रुग्णालय गाठावे.

मानेचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधल्या भोकांतून वर चढतात. मान झटक्याने पिळल्यावर त्यांचे अस्तर फाटून पक्षाघात झाल्याचे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत. असे क्वचितच होते, आणि मान दुखते म्हणून आलेल्या काहींची धमनी आधीच फाटलेली असते, त्यामुळे दोष नेमका किती हे ठरवणे अवघड जाते. पण कंबरेत मिळणारा 10 गुणांचा आराम मानेत मिळेलच याची खात्री नसताना हा धोका पत्करावा का, हा प्रश्न उरतो. सलूनमध्ये दाढीनंतर खांद्यांना चापट्या मारून हनुवटी आणि टाळू धरणारा कारागीर तर कुठलाच सिद्धांत सांगत नाही, पैसेही वेगळे घेत नाही. त्याच्या हातात मान जायच्या आधी ‘मान नको, डोकंच दाबा’ एवढे सांगितले तरी चालते.