तिकिटावरचा डोंगर

माझी एक भाची पर्यटनाचा अभ्यासक्रम करते. तिला प्रकल्पाला विषय मिळाला: 'विशेष टपाल तिकिटांतून शाश्वत डोंगर-पर्यटनाचा प्रसार'. इतका लांबलचक विषय कुणाला सुचला देव जाणे! तिचा फोन आला, "मामा, तुझे अल्बम आहेत ना अजून?" आहेत की. खोताच्या वाडीतल्या आमच्या घरात जागा कमी आणि जुन्या वस्तू फार, त्यामुळे काहीच टाकलं जात नाही. अल्बम काढले आणि तिच्यापेक्षा मीच जास्त गुंतलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितोय. घरच्या मंडळींनी हे सगळं जेवताना एकदा ऐकलंय, त्यांनी सहन करावं.

आपल्या पोस्टाने डोंगर छापायला सुरुवात केली ती विजयाच्या आनंदात. २९ मे १९५३ ला तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले आणि २ ऑक्टोबरला तिकिटं आली, एक दोन आण्यांचं आणि एक चौदा आण्यांचं. मग १९६५ ची कोहलींची मोहीम, नऊ जण माथ्यावर. त्याचं तिकीट त्याच वर्षी १५ ऑगस्टला. १९७७ मध्ये कर्नल नरेंद्र कुमारांच्या तुकडीने कांचनगंगा सर केलं, तिकिटं जानेवारी १९७८ मध्ये. 'सर केलं' हा शब्दच बघा. डोंगर म्हणजे जिंकायची गोष्ट. तिथे काय उगवतं, कोण राहतं, हे विचारायची ती वेळच नव्हती.

१९८८ मध्ये हिमालयातल्या शिखरांची चार तिकिटं निघाली: ब्रॉड पीक, के-टू, कांचनगंगा आणि नंदादेवी. यातल्या पहिल्या दोन शिखरांकडे तुम्ही-आम्ही जाऊच शकत नाही. म्हणजे ही तिकिटं प्रवाशाला बोलावण्यासाठी नव्हती, नकाशावर बोट ठेवण्यासाठी होती, असं आपलं माझं मत. नंदादेवीची गोष्ट आणखी गमतीची. तिचं अभयारण्य १९८२-८३ पासून गिर्यारोहकांना बंद झालं होतं, कारण आधीच्या वर्षांत मोहिमांनी तिथे कचरा आणि तोडलेली झुडपं मागे ठेवली होती. बंद केलेल्या डोंगराचं तिकीट पाच वर्षांनी आपण पाकिटावर डकवत होतो!

आता आपल्या सह्याद्रीकडे येऊ. त्याच्या वाट्याला फार आलं नाही, पण जे आलं ते बघण्यासारखं आहे.

३ ऑगस्ट १९८४ ला किल्ल्यांची चार तिकिटं निघाली. ग्वाल्हेर ५० पैसे, वेल्लोर १ रुपया, सिंहगड दीड रुपया, जोधपूर २ रुपये. तेव्हा साधं पत्र ५० पैशांत जायचं. म्हणजे गावोगावी घरात पोचला तो ग्वाल्हेर. आपला सिंहगड जाड पाकिटांवर किंवा आमच्यासारख्यांच्या अल्बमात. तिकिटाचा प्रसार किती, हे चित्रावर नाही तर किमतीवर ठरतं ही गोष्ट मला यावेळी पहिल्यांदा नीट दिसली. भाचीच्या प्रकल्पात हे गेलं पाहिजे असं मी तिला बजावलंय.

बाकी सिंहगडाला तिकिटाची गरज होती कुठे? तानाजी मालुसऱ्यांचं नाव शाळेतच पाठ होतं, पुणं पायथ्याशी आहे आणि गाडीरस्ता वरपर्यंत जातो. पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, रविवारची रांग. त्या गर्दीवर वर राहणाऱ्या कुटुंबांची चूल चालते आणि त्याच गर्दीने घाटात गाड्या अडकतात. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. डोंगरावरच्या पर्यटनाबद्दल बोलणारे बहुतेक लोक यातली एकच सांगतात.

दुसरं तिकीट माथेरानचं. १६ एप्रिल १९९३ ला डोंगरी रेल्वेच्या इंजिनांची चार तिकिटं निघाली: नेरळ-माथेरान १ रुपया, दार्जिलिंग ६, निलगिरी ८ आणि कालका-सिमला ११. यावेळी मात्र आपली बाजू वरचढ! साधं पत्र १ रुपयात जायचं, त्यामुळे माथेरानचं इंजिन देशातल्या साध्या पत्रांवर चढलं आणि बाकीची तिघं विमानाने परदेशी जाणाऱ्या टपालाला लागली. पुढे त्या तिघांना युनेस्कोचा जागतिक वारसा मिळाला, १९९९, २००५ आणि २००८ मध्ये. माथेरान अजून संभाव्य यादीतच थांबलंय. घरातला धाकटा भाऊ मागे राहावा तसं.

गिरगावकरांचं आणि माथेरानचं नातं जुनं. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट १८५० मध्ये तिथे चढून गेले आणि मुंबईच्या उकाड्याला कंटाळलेल्या साहेबांना थंड जागा सापडली. रेल्वे मात्र सरकारची नाही, ती पीरभॉय घराण्याची. चर्नी रोडला ज्यांच्या नावाचं सॅनिटोरियम आहे तेच सर आदमजी पीरभॉय. त्यांनी पैसा घातला, मुलगा अब्दुल हुसेन यांनी १९०७ मध्ये गाडी वर नेली. दोन फुटांचा रूळ, वीस-एकवीस किलोमीटर वळणं. आमच्या लहानपणी मे महिन्यात चर्नी रोडहून दादर, तिथे गाडी बदलून नेरळ, आणि मग ती खेळण्यातली गाडी. डब्यात थालीपीठ आणि खिडकीत कोण बसणार यावर भांडण.

माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे आणि २००३ मध्ये तो सगळा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला. शाश्वत वगैरे शब्द येण्याआधीच तिथे तसं जगणं चालू होतं. पण त्याचा भार कुणावर होता? दस्तुरी नाक्यापासून पुढे सामान आणि माणसं ओढणाऱ्या हातरिक्षावाल्यांवर. धूर नाही, हवा स्वच्छ, आणि चढावर माणूस माणसाला ओढतोय. २०२२ च्या डिसेंबरात ई-रिक्षा प्रायोगिक म्हणून आल्या, घोडेवाल्यांचा त्यांना विरोध झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या. तिकिटावर इंजिन आलं. रिक्षा ओढणारा कुठल्याच तिकिटावर आला नाही, आणि माथेरानचा खरा इतिहास लिहायचा तर तो माणूस मध्यभागी हवा.

जगात तिकीट आणि डोंगर यांची जोडी खरी जमवली ती भूतानने. १९६२ मध्ये पहिली तिकिटं, बर्ट टॉड नावाच्या अमेरिकन गृहस्थाच्या डोक्यातून. देशाला पैसा हवा होता आणि भूतान कुठे आहे हेच जगाला माहीत नव्हतं. मग यतीची तिकिटं, त्रिमितीय तिकिटं, १९७२ मध्ये तर ग्रामोफोनवर वाजणारी! आधी तिकिटं जगभर गेली आणि पर्यटकांना दार उघडलं ते १९७४ मध्ये, तेही मोजून. आज परदेशी पाहुण्याला तिथे रात्रीला १०० डॉलर शुल्क पडतं, आपल्याला १२०० रुपये. नावही करायचं आणि गर्दीलाही आवर घालायचा, हे दोन्ही त्यांनी साधलं. अर्थात एका राजाच्या छोट्या देशात हे जमतं. सिंहगडावर रात्रीचे १२०० रुपये लावून बघा, पुण्यात काय होतं ते!

मला सगळ्यात आवडलेलं तिकीट यातलं नाहीच. ते २००६ चं आहे, कुरिंजीचं. दक्षिणेच्या डोंगरांवर बारा वर्षांनी एकदाच फुलणारं निळं फूल. त्यामागे त्या फुलासाठी वर्षानुवर्षं खपलेल्या लोकांची चळवळ होती, आणि त्याच वर्षी केरळने मुन्नारजवळ कुरिंजीमला अभयारण्य जाहीर केलं. तिकिटामुळे अभयारण्य झालं असं मी म्हणत नाही. पण एव्हरेस्टवरच्या झेंड्यापासून एका झुडपापर्यंत पोस्टाची नजर खाली आली, हे मला फार बरं वाटतं.

आपल्याकडे तिची बहीण आहे, कारवी. सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. सह्याद्रीत तिच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती होतात. फुलांची गर्दी काय करते हे कासने दाखवलंय: २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नाव आलं, माणसं लोटली, मग शुल्क आलं, आगाऊ नोंदणी आली, कुंपण घातलं, पुढे ते काढलंही.

हे सगळं मला इतकं का लागतं, तर आम्ही स्वतः एक 'प्रेक्षणीय स्थळ' आहोत :-) दादोबा वामन खोतांच्या जमिनीवरची ही वाडी, एकेकाळी पासष्टेक घरं, आता तिशीच्या आत. रविवारी कॅमेरे येतात. लोक चांगले असतात, पण लाकडी जिन्यावर पाय ठेवून फोटो काढताना वर कुणी झोपलं असेल हे लक्षात राहत नाही. आणि तरीही, कुणी बघायलाच आलं नसतं तर उरलेल्या घरांसाठी बोललं असतं कोण? बिल्डरला तर इथे मोकळा प्लॉटच दिसतो. कासच्या गावकऱ्यांना आणि दस्तुरीच्या घोडेवाल्यांना मी म्हणूनच सल्ला देऊ शकत नाही.

विशेष तिकिटासाठी सामान्य माणूसही टपाल खात्याकडे प्रस्ताव पाठवू शकतो. मला कारवीचं तिकीट हवंय: फूल, मागे कुडाची भिंत. आणि किंमत साध्या पत्राचीच, म्हणजे ते ग्वाल्हेरसारखं घरोघर जाईल, सिंहगडासारखं अल्बमात अडकणार नाही. कुणाकडे कारवीच्या बहराचा चांगला फोटो असेल तर कळवा. मजकूर मी लिहायला घेतलाय.